टंचाईच्या फटीतून शिरलेली अमेरिका

मूळ प्रश्न थोडक्यात असा आहे: दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये जे काही नवे घडले, म्हणजे टेडी बॉईज (खास पेहराव करणारी पन्नाशीतली तरुण टोळकी), स्किफल (घरगुती वाद्यांवरचे साधे संगीत), बीटल्स, पॉप आर्ट आणि साठीच्या उत्तरार्धातली हिप्पींची प्रतिसंस्कृती, ते सगळे अमेरिकेची नक्कल होते का, आणि तसे असेल, तर तीच पिढी १९६८ मध्ये लंडनच्या अमेरिकी वकिलातीवर चालून का गेली?

मी विसाव्या शतकातल्या ब्रिटनचा सांस्कृतिक इतिहास सत्तावीस वर्षे शिकवला, त्यांपैकी नऊ वर्षे उत्तर इंग्लंडमध्ये, आणि हा प्रश्न मला जवळजवळ दरवर्षी कोणीतरी विचारला आहे. उत्तर देताना मी आधी एक गोष्ट बाजूला करतो, ती म्हणजे अमेरिकी संस्कृतीचा 'पूर' आला, 'लाट' आली, अशी या विषयावर लिहिताना सर्रास वापरली जाणारी पाण्याची रूपके. १९४५ ते १९६० या काळात ब्रिटनमध्ये अमेरिका मुबलक नव्हती, दुर्मीळ होती. ती शोधावी लागे, उसनी आणावी लागे, प्रसंगी ढापावीही लागे. ब्रिटिश तरुणांनी अमेरिकेचे पुढे जे काही केले त्यात या टंचाईचा वाटा फार मोठा आहे, आणि ती टंचाई कशी निर्माण झाली हे पाहिल्याशिवाय पुढचे नीट उलगडत नाही.

टंचाईचे मूळ डॉलरमध्ये होते. ऑगस्ट १९४५ मध्ये अमेरिकेने युद्धकाळातली लेंड-लीज मदत एकाएकी थांबवली आणि ब्रिटनवर तिच्याकडूनच ३.७५ अब्ज डॉलरचे कर्ज दोन टक्के व्याजाने घेण्याची वेळ आली. त्याचा शेवटचा हप्ता फिटायला डिसेंबर २००६ उजाडला. तिजोरीत डॉलर नसल्यामुळे ते धान्यावर खर्चायचे की हॉलिवूडच्या चित्रपटांवर, असा हिशेब सरकारला मांडावा लागला. ऑगस्ट १९४७ मध्ये ॲटली सरकारने परदेशी चित्रपटांवर ७५ टक्के कर बसवला, हॉलिवूडने नवे चित्रपट पाठवणेच थांबवले, आणि १९४८ मध्ये तडजोड झाली ती अमेरिकी कंपन्यांनी दरवर्षी ठरावीक रकमेपलीकडे डॉलर बाहेर न्यायचे नाहीत या अटीवर. मग अडकून पडलेला पैसा ब्रिटनमध्येच खर्च करण्यासाठी त्या कंपन्या तिथे येऊन चित्रपट काढू लागल्या. रेशनिंग जुलै १९५४ पर्यंत चालले, आणि अमेरिकी गिटारींच्या आयातीवरचे निर्बंध उठायला तर १९५९ साल उजाडले.

या कोरड्या पार्श्वभूमीवर अमेरिकेची आठवण मात्र ओली होती. १९४४ च्या उन्हाळ्यात, नॉर्मंडीच्या चढाईच्या सुमारास, ब्रिटनच्या भूमीवर १५ लाखांहून अधिक अमेरिकी सैनिक होते. इंग्लिश शिपायापेक्षा त्यांचा पगार कितीतरी जास्त, गणवेशाचे कापड चांगले, खिशात च्युइंग गम आणि सिगारेटी. त्यांच्यासाठी ४ जुलै १९४३ रोजी सुरू झालेले अमेरिकी सैन्याचे रेडिओ केंद्र, एएफएन, आसपासचे इंग्रजही कान लावून ऐकत असत. युद्ध संपल्यावर ब्रिटनमधले हे प्रक्षेपण बंद झाले. पण जर्मनीतल्या अमेरिकी तळांवरून होणारे प्रक्षेपण रात्री खरखरीतून का होईना इंग्लंडात पोहोचत असे, आणि पन्नाशीच्या दशकातल्या अनेक संगीतकारांच्या आठवणींत पांघरुणाखालचा रेडिओ आणि ती खरखर हमखास येते. याच काळात शीतयुद्धामुळे लँकाशरमधल्या बर्टनवूडसारखे हवाई तळ पुन्हा गजबजले. सांगायचे ते एवढेच की अमेरिका दिसत होती, ऐकू येत होती, पण हाताला लागत नव्हती.

आता संगीताकडे येतो, कारण टंचाईने अभिरुची कशी घडवली याचा सर्वांत स्वच्छ पुरावा तिथे आहे. १९३५ पासून ब्रिटनच्या कामगार खात्याने अमेरिकी वाद्यवृंदांना परवाने देणे जवळपास बंद केले होते, कारण अमेरिकेतली वादकांची संघटना ब्रिटिश वादकांना तिकडे वाजवू देत नव्हती आणि इकडच्या संघटनेने जशास तसे हे धोरण धरले होते. १९४९ मध्ये सिडनी बेशे हा न्यू ऑर्लिन्सचा थोर वादक लंडनमध्ये जणू प्रेक्षक म्हणून आला असल्याचा देखावा करून त्याला रंगमंचावर बोलावण्यात आले, आणि आयोजकांना त्यापायी कोर्टाची पायरी चढून दंड भरावा लागला. बंदी सैल झाली ती १९५६ च्या सुमारास, आणि तीही 'एकास एक' या हिशेबाने: स्टॅन केंटनचा वाद्यवृंद इकडे, तर टेड हीथचा तिकडे.

मात्र या नियमात एक फट होती. एकटाच गिटार घेऊन गाणारा माणूस वादक न धरता 'व्हरायटी कलावंत' धरला जाई, म्हणून ब्लूज हे कृष्णवर्णीय अमेरिकनांचे संगीत गाणारे बिग बिल ब्रूनझी १९५१ मध्ये आणि लॉनी जॉन्सन १९५२ मध्ये इंग्लंडला येऊ शकले. परिणाम असा झाला की एका पिढीभर ब्रिटिश रसिकांची अशी समजूत झाली की ब्लूज म्हणजे साधी लाकडी गिटार घेतलेला, शेतमजुराच्या कळवळ्याने गाणारा एकटा कृष्णवर्णीय माणूस. प्रत्यक्षात ब्रूनझी शिकागोत ड्रम आणि पियानो घेऊन शहरी थाटाचे संगीत करत आला होता. पण इंग्लंडच्या परवाना पद्धतीत बसणारा ब्रूनझी तेवढाच इथल्या लोकांना दिसला. ऑक्टोबर १९५८ मध्ये मडी वॉटर्स हा शिकागोचा ब्लूज गायक आला तो विजेची गिटार घेऊन, आणि 'अस्सल' ब्लूजची वाट पाहणाऱ्या काही समीक्षकांना तो आवाज सोसवला नाही. तो हे लक्षात ठेवून परतला, आणि १९६३ मध्ये पुन्हा येताना इंग्रजांना आवडेल म्हणून लाकडी गिटार घेऊन आला. तोवर इथल्या पोरांनी विजेच्या गिटारी उचलल्या होत्या आणि त्यांना तोच जुना कर्कश मडी वॉटर्स हवा होता. बिचाऱ्याची दोन्हीकडून पंचाईत झाली. एखाद्या सरकारी नियमाचा कलेवर असा थेट ठसा मी तरी दुसरीकडे क्वचितच पाहिला आहे.

स्किफल या प्रकरणाकडे इतिहासकार फार वेळ घाईने पाहतात, म्हणून इथे जरा थांबतो. लॉनी डोनेगन हा ग्लासगोत जन्मलेला, लंडनमध्ये वाढलेला तरुण. 'लॉनी' हे नावसुद्धा त्याने वर उल्लेखिलेल्या लॉनी जॉन्सनवरून घेतलेले. लंडनच्या अमेरिकी वकिलातीच्या ग्रंथालयातून आपण एक दुर्मीळ तबकडी नेली आणि ती हरवली असे खोटेच सांगून दंड भरून टाकला, ही आठवण तो पुढे हसत सांगत असे. वकिलातीची ही जागा लक्षात ठेवावी. तिच्याकडे आपण पुन्हा येणार आहोत. जुलै १९५४ मध्ये ख्रिस बार्बरच्या जॅझ वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रणात त्याने लेड बेलीचे 'रॉक आयलंड लाइन' हे रेल्वेचे गाणे गायले, आणि दीड वर्षाने, १९५६ च्या सुरुवातीला, ते ब्रिटनमध्ये आणि मग चक्क अमेरिकेतही पहिल्या दहांत पोहोचले.

वर्गात मी दरवर्षी लेड बेलीचे आणि डोनेगनचे ध्वनिमुद्रण पाठोपाठ लावत असे आणि विद्यार्थ्यांना फक्त वेगाकडे लक्ष द्यायला सांगत असे. लेड बेली हा टेक्सस आणि लुइझियानाच्या तुरुंगांत वर्षे काढलेला माणूस; हे गाणे त्याच्यापर्यंत पोहोचले तेही अर्कान्सासच्या कैद्यांकडून, आणि त्याच्या गाण्यात श्रमाची लय आहे. डोनेगन सुरुवातीला गोष्ट सांगितल्यासारखा बोलत राहतो: गाडीवान जकातनाक्यावर सांगतो की माझ्या गाडीत गुरेढोरे आहेत, नाकेदार त्याला विनाजकात सोडतो, आणि नाका ओलांडल्यावर गाडीवान ओरडतो की मी तुला फसवले, गाडीत सगळे लोखंड आहे. मग गाणे वेग घेत जाते आणि शेवटी आवाज पार फाटतो. लेड बेलीच्या गाण्यात हा फाटलेला आवाज नाही, हा उतावळेपणाही नाही. हा उतावळेपणा सक्तीच्या लष्करी सेवेतून नुकत्याच सुटलेल्या, रेशनच्या देशात वाढलेल्या पोराचा आहे. (आयात निर्बंधांच्या देशात जकात चुकवणाऱ्याचे गाणे एवढे गाजावे, याचीही मला नेहमी गंमत वाटत आली आहे.)

आणि हे गाणे कोणालाही वाजवता येत होते. गिटारीवरच्या तीन कॉर्ड्स, कपडे घासायची पन्हळी फळी आणि ती वाजवायला बोटांत घातलेली शिंप्याची अंगुस्ताने, आणि चहाच्या रिकाम्या पेटीला झाडूचा दांडा आणि दोरी लावून केलेले बेस. पेटी आसाम-सिलोनच्या मळ्यांतून आलेली, दोरी इंग्लंडातली आणि गाणे अर्कान्सासच्या तुरुंगातले: युद्धोत्तर ब्रिटिश संस्कृतीची याहून नेमकी वस्तू संग्रहालयात मांडता येणार नाही. लिव्हरपूलमधल्या अशाच एका स्किफल चमूचे, क्वारीमेनचे, ६ जुलै १९५७ रोजी वूल्टनच्या चर्चच्या जत्रेत वादन होते, आणि तिथे जॉन लेननची पॉल मॅकार्टनीशी ओळख झाली.

इथे एका लाडक्या दंतकथेला थोडा आवर घातला पाहिजे. लिव्हरपूल-न्यूयॉर्क जहाजांवरचे खलाशी, ज्यांना गावात 'क्यूनार्ड यँक्स' म्हणत, अमेरिकेतून तबकड्या आणत, आणि त्यातूनच बीटल्स घडले, असे पुष्कळदा लिहिले जाते. खलाशी होते, त्यांचे अमेरिकी सूट आणि बूट गल्लीत लक्ष वेधून घेत हेही खरे, आणि जॉर्ज हॅरिसनने १९६१ मध्ये आपली ग्रेच गिटार एका खलाशाकडूनच घेतली. पण तबकड्यांच्या बाबतीत त्यांचे श्रेय वाढवून सांगितले जाते. डेक्का कंपनी 'लंडन अमेरिकन' या काळ्या लेबलावर अमेरिकेतल्या लहान कंपन्यांची गाणी परवाना घेऊन ब्रिटनमध्येच छापत होती. चक बेरी, लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो असेच पोहोचले. पुढे बीटल्सचा व्यवस्थापक झालेल्या ब्रायन एपस्टाइनचे लिव्हरपूलमधले दुकान गिऱ्हाइकाने मागितलेली कोणतीही तबकडी मागवून देण्याबद्दल प्रसिद्ध होते. टंचाई होती ती वेगळ्या ठिकाणी: बीबीसीवर. वादक संघटना आणि रेकॉर्ड कंपन्यांशी झालेल्या करारांमुळे बीबीसीला दिवसाला मोजकेच तास तबकड्या वाजवता येत, त्यामुळे तबकडी दुकानात होती तरी ती कानावर पडत नसे. म्हणून दुकानात तासन्तास उभे राहून दुसऱ्या बाजूची गाणीही ऐकायची सवय या पोरांना लागली. बीटल्सनी शिरेल्स या मुलींच्या चमूचे 'बॉईज' हे गाणे उचलले ते तबकडीच्या अशाच मागच्या बाजूवरून. नोव्हेंबर १९६३ च्या त्यांच्या दुसऱ्या अल्बमवर डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीची तीन गाणी आहेत, आणि तेव्हा मोटाउनचे नाव ब्रिटनमध्ये फार थोड्यांना ठाऊक होते.

या सगळ्याकडे वडीलधारे कसे पाहत होते? नाक मुरडून, आणि त्यात डावे-उजवे असा भेद नव्हता. अमेरिकी भयकथांच्या चित्रपुस्तकांविरुद्ध पाद्री, शिक्षक आणि कम्युनिस्ट पक्षाचे कार्यकर्ते एका सुरात बोलले आणि १९५५ मध्ये त्यासाठी कायदाही झाला. समीक्षक रिचर्ड हॉगर्ट यांनी १९५७ च्या 'द यूजेस ऑफ लिटरसी'मध्ये दूधबारमधल्या ज्यूकबॉक्सभोवती टेकून उभी राहणारी, अमेरिकी पोझ घेणारी पोरे रंगवली आहेत, ती अत्यंत अप्रीतीने. कामगारवर्गाच्या आयुष्यावर इतक्या मायेने लिहिणारा माणूस या पोरांपुरता आंधळा झाला, असे माझे मत आहे. त्याच ज्यूकबॉक्सपाशी पुढच्या दशकाचे इंग्लिश संगीत तयार होत होते. उलट लंडनच्या आयसीए या कलासंस्थेत एदुआर्दो पाओलोत्सी याने १९५२ मध्येच अमेरिकी मासिकांतल्या जाहिरातींची कात्रणे पडद्यावर भराभर दाखवली होती. रेशनच्या देशात फ्रिज आणि मोटारींची ती रंगीत चित्रे परीकथेसारखी वाटत, आणि ब्रिटिश पॉप आर्टचा उगम त्या आसुसलेपणात आहे.

एक गंमत जाता जाता. सप्टेंबर १९५५ मध्ये आयटीव्ही ही जाहिरातींवर चालणारी वाहिनी सुरू झाली तेव्हा 'हे अमेरिकेचे थेर' म्हणून ओरड झाली. तिच्यावरची अत्यंत इंग्रजी मालिका म्हणजे रॉबिन हूड. ती निर्माण केली होती अमेरिका सोडून आलेल्या हॅना वाइनस्टाइन हिने, आणि तिचे कितीतरी भाग टोपणनावाने लिहिले होते हॉलिवूडच्या काळ्या यादीतल्या, म्हणजे कम्युनिस्ट ठरवून काम नाकारलेल्या, रिंग लार्डनर ज्युनियरसारख्या लेखकांनी. श्रीमंतांना लुटून गरिबांना वाटणारा इंग्रजांचा लाडका नायक अमेरिकेने वाळीत टाकलेल्या डाव्यांच्या लेखणीतून उतरत होता.

यावरून मुद्द्याच्या दुसऱ्या अंगाकडे येता येते. ब्रिटनने अमेरिकेकडून जे उचलले ते बहुधा अमेरिकेनेच कोपऱ्यात सारलेले होते: कृष्णवर्णीयांचे संगीत, प्रस्थापितविरोधी बीट कवी, काळ्या यादीतले लेखक. रोलिंग स्टोन्सनी नाव घेतले मडी वॉटर्सच्या गाण्यावरून. जून १९६४ मध्ये शिकागोला गेले ते ब्लूजच्या तबकड्या काढणाऱ्या चेस कंपनीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण करायला. आणि मे १९६५ मध्ये एका अमेरिकी दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्यांनी आपल्यासोबत हाउलिन वुल्फलाही बोलावण्याचा आग्रह धरला, तेव्हा हा ५४ वर्षांचा गायक अमेरिकेतल्या असंख्य गोऱ्या घरांत पहिल्यांदाच दिसला. जिमी हेन्ड्रिक्सची गोष्ट याच जातीची आहे. अमेरिकेत दुसऱ्यांच्या मागे उभा राहून गिटार वाजवणारा हा माणूस २४ सप्टेंबर १९६६ रोजी लंडनला उतरला, आणि जून १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरेच्या महोत्सवासाठी परतला तो लंडनचा तारा होऊन. आपल्याकडे पिकते तिथे विकत नाही म्हणतात, तसेच हे. हा व्यवहार शुद्ध पुण्याईचा होता असे मात्र कोणी समजू नये. मूळ गीतकारांना मानधन मिळायला अनेकदा वर्षे लागली, आणि गोऱ्या इंग्रज पोरांना जी दारे उघडली ती मूळ कलावंतांना बंदच होती.

रेडिओची टंचाई फुटली ती समुद्रातून. रेडिओ कॅरोलाइन हे जहाजावरचे केंद्र मार्च १९६४ मध्ये ईस्टरच्या वेळी सुरू झाले, आणि डिसेंबरमध्ये एसेक्सच्या किनाऱ्यासमोर रेडिओ लंडन. हे दुसरे जहाज अमेरिकी नौदलाचे जुने सुरुंगशोधक, भांडवल टेक्ससमधले, कार्यक्रमाची घडण डॅलसच्या एका केंद्राची आणि जिंगल्सही डॅलसमध्ये गाऊन आणलेल्या. सरकारने ऑगस्ट १९६७ मध्ये लागू झालेल्या कायद्याने अशी बहुतेक केंद्रे बंद पाडली, आणि ३० सप्टेंबरला बीबीसीने रेडिओ वन सुरू केले ते त्याच जहाजांवरचे निवेदक नोकरीला ठेवून आणि डॅलसच्या त्याच कंपनीकडून जिंगल्स विकत घेऊन. त्या निवेदकांपैकी जॉन पील हा लिव्हरपूलजवळचा. तो काही वर्षे अमेरिकेत राहिला होता, आणि बीटल्सच्या लाटेत केवळ बोलण्याच्या ढबीवर त्याला डॅलसच्या रेडिओवर भाव मिळाला होता. १९६७ मध्ये परतल्यावर त्याने रेडिओ लंडनवर मध्यरात्रीनंतर कॅलिफोर्नियाचे संगीत ऐकवायला सुरुवात केली, आणि लंडनच्या प्रतिसंस्कृतीला तिचा आवाज मिळाला.

या प्रतिसंस्कृतीतले कळीचे लोक पाहिले, तर आश्चर्य वाटावे इतके अमेरिकी सापडतात. माझ्या मते त्यांत सर्वांत बोलके उदाहरण जिम हेन्सचे. हा लुइझियानाचा माणूस एडिनबरोजवळच्या कर्कन्यूटन या अमेरिकी हवाई दलाच्या तळावर, शीतयुद्धाच्या कामासाठी, नेमणुकीवर आला; रिकाम्या वेळात विद्यापीठात जाऊ लागला आणि नोकरी संपल्यावर तिथेच राहिला. १९५९ मध्ये त्याने पेपरबॅक पुस्तकांचे दुकान काढले, ज्याच्या दाराबाहेर गेंड्याचे मुंडके टांगलेले असे. लॉरेन्सची 'लेडी चॅटर्ली' बाजारात आल्यावर एका बाईंनी ते पुस्तक विकत घेऊन, चिमट्यात धरून, दुकानासमोरच जाळले, त्याचे छायाचित्र उपलब्ध आहे. पुढे ट्रॅव्हर्स थिएटर, १९६२ ची एडिनबरोची आंतरराष्ट्रीय लेखक परिषद, 'इंटरनॅशनल टाइम्स' हे पर्यायी वृत्तपत्र आणि ड्रुरी लेनची आर्ट्स लॅब, या सगळ्यांच्या उभारणीत त्याचा हात होता. अमेरिकेच्या लष्करी यंत्रणेनेच तिच्या विरोधकांना अंगण देणारा माणूस ब्रिटनमध्ये आणून सोडला होता.

११ जून १९६५ चे रॉयल अल्बर्ट हॉलमधले कविसंमेलन हा या चळवळीचा जाहीर प्रारंभ मानला जातो. ॲलन गिन्सबर्ग हा अमेरिकी बीट कवी क्युबा आणि चेकोस्लोव्हाकिया या दोन्ही देशांतून हाकलला जाऊन लंडनला आला होता. तो १९६२ मध्ये मुंबईतही येऊन गेला होता, अरुण कोलटकर, अशोक शहाणे यांच्याशी त्याची गाठ पडली होती, आणि भारतातच लागलेली मंत्र म्हणण्याची सवय तो अल्बर्ट हॉलच्या मंचावर घेऊन गेला. मराठी लघुनियतकालिकांच्या वाचकाला हा धागा ओळखीचा वाटेल. सभागृह आरक्षित करण्याचे धाडस केले बार्बरा रुबिन या अमेरिकी तरुणीने, आणि थोड्या दिवसांच्या तयारीवर सुमारे ७,००० लोक जमले. गिन्सबर्गने त्या रात्री भरपूर घेतली होती आणि त्याचे वाचन फसले. सभा जिंकली ती एड्रियन मिचेल या इंग्रज कवीने, व्हिएतनामवरच्या कवितेने. अमेरिकेने मांडव घातला आणि इंग्रजाने मैफल मारली, असा हा प्रकार.

असेच आणखी एक उदाहरण जो बॉइडचे. बॉस्टनचा हा तरुण १९६५ मध्ये न्यूपोर्टच्या महोत्सवात बॉब डिलन विजेची गिटार घेऊन उभा राहिला तेव्हा तिथे व्यवस्थापक होता. डिसेंबर १९६६ मध्ये त्याने जॉन हॉपकिन्सच्या जोडीने लंडनच्या टॉटनहॅम कोर्ट रोडवर, एका आयरिश नाचघराच्या तळघरात, यूएफओ क्लब सुरू केला, जिथे पिंक फ्लॉइड वाजवत. त्याच्या हाताखालचा फेअरपोर्ट कन्व्हेन्शन हा चमू सुरुवातीला कॅलिफोर्नियाच्या ढंगाची गाणी गात असे. १९६८ मध्ये त्यांनी 'द बँड'चा पहिला अल्बम ऐकला आणि त्यांच्या लक्षात आले की हे लोक स्वतःच्या मातीतले गातात, आणि आपण त्यांच्या मातीतले गातो आहोत. १९६९ अखेर त्यांनी 'लीज अँड लीफ' हा जुन्या इंग्लिश लोकगीतांचा अल्बम काढला. अमेरिकेच्या प्रभावामुळे एखादा चमू अधिक इंग्रज होऊ शकतो, हे 'नक्कल' या शब्दात कुठे बसवायचे?

संगीत आणि कविता यांच्यापलीकडे आणखी एक अमेरिका ब्रिटनमध्ये पोहोचत होती, आणि प्रभावाच्या चर्चेत तिचा उल्लेख सहसा गाळला जातो. १९६३ मध्ये ब्रिस्टलच्या बस कंपनीने कृष्णवर्णीय आणि आशियाई वाहक नेमायचे नाकारले, तेव्हा पॉल स्टीफन्सन आणि सहकाऱ्यांनी अलाबामातल्या माँटगोमेरीचा कित्ता गिरवत बसवर बहिष्कार पुकारला. कंपनीने माघार जाहीर केली २८ ऑगस्टला, म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग वॉशिंग्टनमध्ये भाषण करत होते त्याच दिवशी, आणि नेमला गेलेला पहिला गौरेतर वाहक होता रघबीर सिंग हा शीख. फेब्रुवारी १९६५ मध्ये भारतीय कामगार संघटनेच्या अवतार सिंग जोहल यांच्या निमंत्रणावरून माल्कम एक्स हा अमेरिकेतला कृष्णवर्णीयांचा नेता बर्मिंगहॅमजवळच्या स्मेथविकमध्ये आला, जिथे मार्शल स्ट्रीटवरची घरे गौरेतरांना विकू नयेत म्हणून खटपट चालली होती. त्यानंतर नवव्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये त्याचा खून झाला.

आता प्रश्नाच्या उत्तरार्धाकडे. १७ मार्च १९६८ रोजी हजारो तरुण ट्रॅफल्गर स्क्वेअरमधून निघून ग्रोव्हनर स्क्वेअरच्या अमेरिकी वकिलातीवर चालून गेले, घोडेस्वार पोलिसांशी झटापट झाली, दोनशेहून अधिक लोकांना अटक झाली. याच वकिलातीच्या ग्रंथालयातून डोनेगनने तबकडी लांबवली होती. वरवर पाहता हा अमेरिकेविरुद्धचा उद्रेक; पण निषेधाची रीत आणि भाषा पाहा. सिट-इन, म्हणजे ठिय्या, आले अमेरिकी दक्षिणेतल्या उपाहारगृहांतून; टीच-इन, म्हणजे निषेधाची खुली चर्चासत्रे, मिशिगनच्या विद्यापीठातून. १९६७ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये विद्यार्थ्यांनी ठाण मांडले ते ज्या दोघांवरच्या कारवाईमुळे, त्यांतला मार्शल ब्लूम अमेरिकी होता. 'इंटरनॅशनल टाइम्स' अमेरिकी पर्यायी वृत्तपत्रांच्या संघात होते आणि एकमेकांचा मजकूर विनामोबदला छापत होते. त्यामुळे ती पिढी अमेरिकेवर उलटली असे मला वाटत नाही; एका अमेरिकेच्या बाजूने ती दुसऱ्या अमेरिकेविरुद्ध उभी राहिली, आणि पहिल्या अमेरिकेची तिची ओळख दहा-पंधरा वर्षांची होती.

दोन्हीकडच्या प्रतिसंस्कृतींत एक फरक मात्र मुळातला होता. ब्रिटनमध्ये सक्तीची लष्करी भरती १९६० मध्येच थांबली होती, आणि विल्सन सरकारने व्हिएतनामला सैन्य पाठवले नाही. ऑहायोतल्या मुलाच्या घरी भरतीची चिठ्ठी येऊ शकत होती. लीड्सच्या मुलाला ती भीती नव्हती. त्याला सरकारी शिष्यवृत्ती होती आणि आर्ट स्कूल होते, जिथे लेनन, कीथ रिचर्ड्स, पीट टाउनशेंड, रे डेव्हिस अशा अभ्यासात रमू न शकलेल्या हुशार पोरांना काही वर्षे गिटार वाजवायला मोकळीक मिळाली. म्हणून ब्रिटिश प्रतिसंस्कृती अधिक खेळकर, अधिक सजलेली, आणि खरे सांगायचे तर कमी धोक्याची राहिली.

सत्तरीच्या दशकात टंचाई संपली. अमेरिकी तबकड्या सहज मिळू आणि ऐकू येऊ लागल्या, विमानप्रवास स्वस्त झाला. माझे सूत्र खरे असेल तर इथे ते कोलमडायला हवे होते, आणि म्हणूनच नॉर्दर्न सोल या प्रकाराने मला उत्तर इंग्लंडच्या त्या नऊ वर्षांत इतके खिळवून ठेवले. मँचेस्टरचा ट्विस्टेड व्हील, आणि सप्टेंबर १९७३ पासून विगन कसिनो, या ठिकाणी गिरण्या-कारखान्यांतली पोरे शनिवारी रात्रभर, दारूशिवाय, सकाळी आठपर्यंत नाचत असत. नाचत ती साठीच्या दशकातल्या अशा अमेरिकी सोल गाण्यांवर, जी डेट्रॉइटमध्ये खपली नव्हती. गाणे जितके अपयशी, तबकडी जितकी दुर्मीळ, तितका तिचा मान मोठा. फ्रँक विल्सनचे १९६५ चे एक गाणे मोटाउनने छापून बाजारात आणायच्या आधीच रद्द केले. त्याच्या मोजक्याच प्रती उरल्या आणि त्यांतल्या एकीवरून उतरवलेली तबकडी विगनला पोहोचली. ती वाजवणाऱ्याने प्रतिस्पर्ध्यांना सुगावा लागू नये म्हणून तबकडीचे लेबल झाकून टाकले, आणि हे गाणे एडी फॉस्टर नावाच्या गायकाचे आहे असे सांगितले. पहाटे चारला लाकडी जमिनीवर टाल्कम पावडर भुरभुरून शेकडो पोरे त्या एडी फॉस्टरवर गिरक्या घेत होती.